गाडीचं बोलणं

आदिलाबादेतला माझा मेकॅनिक मालकाची तक्रार कधी ऐकून घेत नसे. "तुमी नका सांगू, तिलेच सांगू द्या," म्हणायचा आणि गाडी तलमडुगूच्या सरळ रस्त्याला घालायचा.

माझी फियाट डावीकडे ओढायला लागली तेव्हाही त्यानं मला शेजारी बसवून तेच केलं. रस्ता मोकळा दिसताच स्टिअरिंग सोडलं, हात मांडीवर ठेवले आणि कान देऊन बसला. गाडी हळूहळू कडेच्या नालीकडे सरकू लागली. मी स्टिअरिंगकडे हात नेला, तर त्यानं माझं मनगट धरलं.

"काऊन घाबरता, साहेब? बोलून राह्यली ना ती."

नाली अगदी जवळ आल्यावर त्यानं ब्रेक दाबला. उतरला आणि पोराचा ताप बघावा तसा उलटा हात एकेका चाकाला लावत गेला. पुढचं डावं चाक चटका देत होतं. तिथला ब्रेक दाबल्यावर सुटतच नव्हता. जॅक लावून त्यानं तो तिथंच सैल केला.

परतताना त्यानं पुन्हा हात सोडले. गाडी नाकासमोर चालली. मी हुश्श केलं. तो मात्र गाव येईपर्यंत कान देऊनच बसला होता. उतरताना बॉनेटवर हात ठेवून म्हणाला, "आता काई बोलतच नाही."