एका बॅगेचे दोन जामीनदार

माझ्या मेव्हण्याने हरवलेले एक लाख बारा हजार चारशे रुपये तीन वेळा भरले गेले, आणि त्यातला एकही भरणा नियमाबाहेरचा नव्हता.

मेव्हणा प्रकाश शेवगावच्या एका पतसंस्थेत कॅशियर. त्याच्या हातून संस्थेचे पैसे बुडाले तर भरून देणारे दोन जामीनदार संस्थेने नोकरी देतानाच मागितले होते. एक मी, दुसरे माझे साडू रावसाहेब. मी मनात भागाकार करून सही केली. दोन जामीनदार, म्हणजे निम्मं-निम्मं. हा भागाकार फक्त माझ्याच डोक्यात होता!

एका सोमवारी रोकड बँकेत भरायला निघालेला प्रकाश वाटेत चहाला थांबला. चहा झाल्यावर त्याने बॅग मोटरसायकलला अडकवली, पान घ्यायला वळला, आणि परत येतो तो बॅग नाही.

आठ दिवसांनी मला नोटीस आली. पूर्ण रकमेची. रावसाहेबांनाही तशीच, पूर्ण रकमेची. मी बेरीज केलेला कागद घेऊन मॅनेजरसमोर बसलो. हरवले एक लाख बारा हजार चारशे, मागितले दोन लाख चोवीस हजार आठशे. हा कुठला हिशेब?

"दोघंही पूर्ण रकमेला जबाबदार," मॅनेजर शांतपणे म्हणाले. "पण वसुली एकदाच."

"कोणाकडून?"

"जो आधी सापडेल त्याच्याकडून. तुम्ही सावेडीत राहता, रस्ता चांगला आहे."

घरी बायकोने सांगितलं की महिनाअखेरपर्यंत पैसे भरले नाहीत तर तिच्या भावाची नोकरी जाणार. माझ्याजवळ पैसे होते, पण ते मुलीच्या कॉलेजच्या फीचे. तीन दिवस मी आकडेमोड केली. शेवटी ठरवलं, सगळे आपणच भरावेत आणि रावसाहेबांकडून निम्मे आणून फीची सोय लावावी. मोबाईलवरून रक्कम पाठवली (पावतीचे दोन प्रिंट काढले) आणि त्यांच्या वस्तीवर गेलो.

रावसाहेबांनी दुधाची बादली खाली ठेवली.

"पाव्हणं, निम्मं कशाचं मागता? म्या परवाच समदं भरलं. दोन गाई इकल्या."

"मला विचारायचं तरी!"

"साहेब म्हनला, सावेडीचं पाव्हणं लई हिशेब घालत्यात, त्यांच्याकडनं काय लवकर येत न्हाई."

त्यांनी मला गोठ्यातले दोन रिकामे खुंटे दाखवले. तेवढ्यात प्रकाशचा फोन आला. बॅग सापडली होती! त्याने ती शेजारच्या, हुबेहूब तशाच काळ्या मोटरसायकलला अडकवली होती. ती गाडी सुट्टीला अकोल्याला निघालेल्या एका मास्तरांची. घरी पोचल्यावर त्यांनी बॅग बायकोच्या शिवणकामाची समजून खुंटीला टांगली, आणि बायको माहेरी. ती परतल्यावर बॅग उघडली, आत संस्थेची भरणा-स्लिप निघाली, आणि मास्तर स्वतः बॅग घेऊन आले. प्रकाश इतका प्रामाणिक, की त्याने आधी रक्कम संस्थेत जमा केली आणि मग आम्हाला कळवलं.

मी दुसऱ्या दिवशी मॅनेजरकडे गेलो, तर ते बॅग हरवली तेव्हापेक्षा जास्त घाबरलेले.

"कमी पडलं तर जामीनदाराला धरता येतं," ते म्हणाले. "जास्त झालं तर कोणाला धरायचं?"

आमचे पैसे परत द्यायला संचालक मंडळाचा ठराव लागणार होता. चेअरमन बाहेरगावी. फीची शेवटची तारीख शुक्रवार. शेवटी मॅनेजरनेच मार्ग काढला. तोवर मी तेवढंच कर्ज घ्यावं, फक्त एक जामीनदार आणावा.

रावसाहेब आपल्याच गाई उधारीवर परत विकत घ्यायला गेले होते. राहिला प्रकाश. कर्मचारी जामीनदार म्हणून चालत होता.

त्याने खुर्ची ओढली, फॉर्म पहिल्या ओळीपासून वाचला, पान उलटून मागचंही वाचलं. मग पेन हातात धरून, मॅनेजरला ऐकू जाऊ नये म्हणून हळूच म्हणाला, "दाजी, राग मानू नका. पण हप्ते वेळेवर भराल ना?"

मी तेव्हा माझ्याच पैशांवरचा व्याजदर वाचत होतो. मान खाली घालून म्हणालो, "भरीन."