दोघांनी मिळून उघडायचा गेम

माझ्या मुलीला मी दोन वर्षं थांबायला सांगितलं आणि स्वतः एक आठवडाही थांबलो नाही. चूक एवढीच आहे. ज्या गोष्टीसाठी तिला थांबवलं ती ऐकून काही जण हसतील, कारण तो एक कॉम्प्युटर गेम होता. हसू द्या. पण मी शब्द दिला होता, तिनंही दिला होता, आणि दोघांपैकी तो तिनं एकटीनंच पाळला.

मी नांदेडला बांधकाम खात्यात आरेखक आहे. संध्याकाळी घरी बसून लोकांच्या घरांचे नकाशे काढून देतो, म्हणून आमच्याकडे कॉम्प्युटर पहिल्यापासून चांगला. त्यावर गेम खेळायची सवय मात्र नोकरीच्या आधीची, वजिराबादच्या एका सायबर कॅफेतली. हे गेम मारामारीचे नाहीत. कोऱ्या नकाशावर एक गाव वसवायचं, शेती लावायची, रस्ता काढायचा, मग दुसरं गाव, मग शेजारच्या राजांशी व्यवहार. आपली चाल झाली की बाकीच्या राजांच्या चाली. पट सुरुवातीला सगळा अंधारात झाकलेला असतो आणि आपण पुढे जाऊ तसा उघडत जातो. आमच्या वेळी गेम बिघडलेला निघाला तर तो तसाच खेळायचा. त्याची दुरुस्ती, म्हणजे पॅच, कुणी हैदराबादला गेलं तर सीडीवर घेऊन यायचं. तोवर अमुक चालीनंतर गेम बंद पडतो हे आम्ही पाठ करून ठेवलेलं असायचं.

मुलगी पहिलीत होती तेव्हापासून माझ्या खुर्चीशेजारी प्लॅस्टिकच्या स्टुलावर बसायला लागली. माउस माझ्याकडे, पण गाव कुठं वसवायचं आणि त्याचं नाव काय, हे तिच्याकडे. राजधानी नेहमी नांदेड. नकाशावर जिथं केळी दिसतील तिथं अर्धापूर. चार रस्ते मिळतील तिथं नायगाव, कारण आजोळी जाताना आम्ही तिथं चहाला थांबायचो. आणि जिथं नदी नाही, तळं नाही, नुसती पिवळी जमीन, ते लातूर. तिची मावशी लातूरची. ती एकदा हे पाहून म्हणाली, "आमच्या गावाला एवढं तरी पाणी दे गं." मुलगी म्हणाली, "पैसे जमले की कालवा काढते." आणि खरंच काढला.

एक गेम आम्ही निघाला त्याच दिवशी घेतला होता. त्यात इतक्या चुका होत्या, की लोक इंटरनेटवर कंपनीला शिव्या घालत होते. त्यातल्या एका शेजारी राजाचं डोकं फिरलेलं होतं. युद्ध नसतानाही तो दर चालीला तह करायला यायचा. आम्ही तह करायचो. पुढच्या चालीला पुन्हा हजर. मुलीनं त्याचं नाव पाव्हणा ठेवलं. "आला पाव्हणा," ती म्हणायची, आणि मी म्हणायचो, "पाणी दे त्याला." स्वयंपाकघरातून तिची आई विचारायची, "कोण आलं हो?" आम्ही दोघं पोट धरून हसायचो. महिन्याभरात पॅच आला, राजा शहाणा झाला. दुसऱ्या दिवशी बऱ्याच चाली झाल्यावर मुलगी म्हणाली, "पप्पा, पाव्हणा येईना गेला की हो." ती खरोखर नाराज झाली होती. मी तिला समजावत बसलो, की गेम आता सुधारला, हेच चांगलं. मला ते तेव्हा खरंच वाटत होतं.

तिची दहावी झाली. आमच्याकडे दहावीला बरे गुण पडले की पुढचा प्रश्न विचारत नाहीत. लातूर. रूम बघायची, क्लास लावायचा, आणि आईनं पोरीबरोबर जाऊन राहायचं. आमच्या गल्लीत अशी अर्धी-अर्धी झालेली घरं आधीपासून होती, त्यात आमच्या घराची भर पडली. त्याच सुमारास आमच्या त्या पाव्हण्याच्या गेमचा नवा भाग दिवाळीत येणार असं जाहीर झालं.

ती सामान बांधता बांधता म्हणाली, "पप्पा, दिवाळीत मी येणारच हाय. पहिल्या दिवशीच घेऊ."

"नको बेटा. नवा गेम म्हणजे ओला स्लॅब. टाकला की लगेच वर चढायचं नसतं. पाणी मारायचं, वाळू द्यायचं. दोन वर्षांत सगळे पॅच येतील, किंमत उतरेल, आणि तुझी बारावी पण होईल."

"ओल्या स्लॅबवर पायाचे ठसे उमटतात की. मजा येते."

"ठसे उमटले की मालक कंत्राटदाराला बोलतो."

ती हसली. माझं म्हणणं तसं खोटं नव्हतं. मी फ्रिजसुद्धा शेजाऱ्याकडे वर्षभर चाललेला बघून मगच घेणारा माणूस. पण त्या दिवशी माझ्या मनात स्लॅब नव्हता. एकदा गेम उघडला की हिचं मन लातूरला लागणार नाही, ही भीती होती. ते सरळ सांगायच्या ऐवजी मी पॅच पुढे केला. पोरीला ते कळलं असणार. ती बॅगेची चेन ओढत म्हणाली, "बरं. पण मग तुम्ही पण न्हाई."

"मी पण नाही."

"दोघांनी मिळून उघडायचा. तुम्हाला पण काही माहीत नसलं पाहिजे."

"हाव, नाही उघडत," मी म्हणालो.

त्या दिवाळीला क्लासनं जादा तास ठेवले, म्हणून त्या दोघी आल्या नाहीत. मीच फराळाचा डबा घेऊन लातूरला गेलो आणि भाऊबीज उरकून परत आलो. घराचं कुलूप काढलं. आत पाऊल टाकल्यावर ओरडायला कुणी नव्हतं, तरी मी सवयीनं चपला बाहेर काढल्या. खिचडी टाकली. कुकरची शिट्टी होईपर्यंत करायला काही नव्हतं. कॉम्प्युटर लावला, बातम्या बघितल्या, आणि गेम निघाल्याचं दिसलं. नुसतं बघू, असं मी स्वतःला सांगितलं. जेवण होईपर्यंत तो विकत घेऊन झाला होता आणि कॉम्प्युटरवर उतरत होता.

मी म्हणालो होतो तसाच तो ओला होता. मध्येच बंद पडायचा. जहाजं वाळूवरून चालायची. आणि तिसऱ्या-चौथ्या संध्याकाळी एक गंमत झाली. माझ्या सगळ्या गावांतले शेतकरी शेतं सोडून निघाले आणि नकाशाच्या एका कोपऱ्यात नदीकाठी जाऊन जमले. कुणी तिथं काही करत नव्हतं. नुसते उभे. आणखी येत होते. हुबेहूब आठवडी बाजार. मला इतकं हसू आलं, की डोळ्यांत पाणी आलं, आणि मी हसत हसत शेजारी वळून म्हणालो, "बघ, बाजार भरला."

स्टुलावर वर्तमानपत्रांचा गठ्ठा होता.

त्याच क्षणी बंद करायला हवा होता. मी केला नाही. हे लिहिताना मला सगळ्यात जास्त लाज याचीच वाटते. एकदा मोडलेला शब्द मी रोज संध्याकाळी नव्यानं मोडत राहिलो. एकट्या घरात ती गावं मला सोबत वाटायची, हे कारण आहे, पण ते मी तिला कधी सांगितलं नाही. उलट दर शनिवारी एसटीनं लातूरला जायचो तेव्हा ती पुस्तकातून डोकं वर काढून विचारायची, "कसा हाय म्हणे नवा भाग?"

"लोक शिव्या घालून राहिलेत. बरं झालं थांबलो."

"हाव ना," ती म्हणायची. "पाव्हणा हाय का त्यात?"

"असेल कुणीतरी."

बाजाराचं सांगायला माझी जीभ वळवळायची. गिळून टाकायचो. पुढे एका पॅचमध्ये तो बाजार उठला, शेतकरी आपापल्या शेतात परत गेले. मी एकट्यानं बघितलेली ती गोष्ट आता कुणालाच दिसणार नव्हती.

दोन वर्षं गेली. तिची परीक्षा झाली आणि दोघी नांदेडला आल्या. निकाल यायचा होता. रूमवरचं सामान आणायचं तेवढं राहिलं होतं. दुसऱ्याच सकाळी ती न्हाऊन, चहा घेऊन कॉम्प्युटरपुढे आली. स्टूल तिनं स्वतः पुसलं. मी म्हणालो, आता तू खुर्चीवर बस, माउस तू घे. मी स्टुलावर बसलो. आधीच्या रात्री मी माझे सगळे जुने डाव पुसून टाकले होते.

पट उघडला. तिनं नांदेड वसवलं. प्रत्येक नव्या खुणेवर ती थांबत होती. "हे काय असंल पप्पा?" मी म्हणायचो, "कुणास ठाऊक." पण ते माझ्या तोंडून लगेच, अगदी सारखंच निघत होतं. पूर्वी मी स्क्रीनजवळ तोंड नेऊन बघायचो, चष्मा वर करायचो, चुकीचे अंदाज करायचो. आता मी मागे टेकून बसलो होतो. तिनं गाव पुराच्या पट्ट्यात वसवलं तेव्हा मला ते दिसत होतं, आणि गप्प बसायला मला जोर लावावा लागत होता. गेम आता अगदी नीट चालत होता. एकदाही अडकला नाही. जहाजं पाण्यावरूनच गेली. हसण्यासारखं काही घडलंच नाही.

तासाभरानं ती म्हणाली, "पप्पा, तुम्ही काहीच विचारून नाही राहिले."

"तू खेळ ना. मी बघतो."

तिनं माझ्याकडे पाहिलं, मग स्क्रीनकडे. "डोळे दुखून राहिले," म्हणाली. "नंतर खेळू." नंतर ती खेळली नाही. मी बायकोला सांगितलं, की पोरगी मोठी झाली, आता तिला कशाला आवडेल. बायको म्हणाली, "तिथं तर रोज त्याच्याच गोष्टी सांगायची. तुम्हीच काहीतरी केलं असंल."

जूनच्या सुरुवातीला आम्ही बापलेक छोटा टेम्पो ठरवून लातूरला रूम रिकामी करायला गेलो. खाट, कूलर, शेगडी, पुस्तकांची पोती. आम्ही सामान काढत होतो तेवढ्यात पुढची मुलगी आपल्या वडिलांबरोबर रूम बघायला आली. नुकतीच दहावी झालेली, हातात मोबाइल. वडील माझ्याच वयाचे, तसेच पोट सुटलेले, तसाच खिशाला पेन. त्यांनी भिंती ठोकून पाहिल्या, नळ सोडून पाहिला, आणि मग लेकीला म्हणाले, "हे बघ, आता दोन वर्षं मोबाइल विसरायचा. सगळी मजा बारावीनंतर. आम्ही काय पळून चाललो का?"

ती मुलगी खाली बघत राहिली. माझी लेक कूलरची वायर गुंडाळत होती. मान वर न करता म्हणाली, "काका, मग तुमचा पण ठेवून द्या दोन वर्षं."

"म्हणजे?"

"न्हाई म्हणजे, दोघांनी मिळून ठेवला तर तिला बरं वाटंल. नायतर ती इथं थांबणार, आणि तुम्ही तिकडं बघत बसणार."

ते गृहस्थ मोठ्यानं हसले. "लई हुशार आहे हो तुमची पोरगी," मला म्हणाले. मला हसता आलं नाही. वायर गुंडाळून होईपर्यंत तिनं माझ्याकडे पाहिलं नाही.

ते दोघं घरमालकिणीशी बोलायला खाली गेले. टेम्पोवाला चहाला गेला होता. रिकाम्या खोलीत फक्त खाट उरली होती. दोन वर्षं ती ज्या खाटेवर बसून अभ्यास करत होती तिच्या एका कडेला मी बसलो.

"तुला माहीत आहे," मी म्हणालो.

"काय?"

"तेच."

"काय ते तुम्हीच सांगा पप्पा." आवाजात राग नव्हता. ती भिंतीला टेकून उभी राहिली, घाई नसल्यासारखी.

येताना वाटेत लोह्यापासून चाकूरपर्यंत मी मनात वाक्यं जुळवत आलो होतो. घर रिकामं वाटायचं, तुम्ही दोघी नव्हत्या, असं सगळं. त्यातलं एकही वाक्य मी काढलं नाही, कारण ती सगळी माझीच बाजू घेणारी होती.

"मी थांबलो नव्हतो," मी म्हणालो. "गेम आला त्याच आठवड्यात घेतला. दोन वर्षं खेळलो. आणि दर शनिवारी इथं येऊन, याच खाटेवर बसून तुझ्याशी खोटं बोललो. तुला थांब म्हणालो ते पॅचसाठी नव्हतं, मला तुझ्या अभ्यासाची भीती होती, ते पण सरळ नाही सांगितलं. सुरुवातीला त्यात सगळे शेतकरी नदीवर जाऊन उभे राहायचे. आठवडी बाजार भरल्यासारखे. पाव्हण्यापेक्षा भारी होतं ते. आता नाही ते, काढून टाकलं. तुला दाखवायचं राहून गेलं, आणि ते मला परत आणता येणार नाही. चुकलं माझं, बेटा. मला माफ कर."