नखाने उघडणारा फोन

खांडेनवमीला आमच्या खापा गावच्या घरी विळा, कोयता, फवारणीचा पंप आणि मोटारसायकलची किल्ली पाटावर मांडतात. मागच्या वर्षी आईने त्यांच्या शेजारी आपला स्मार्टफोनही ठेवला. तिच्या मते घरात त्याच्याइतकं राबणारं दुसरं कोणी नव्हतं. पळीने पाणी शिंपडलं, हळद-कुंकू वाहिलं आणि कुंकू ओलं होऊन चार्जिंगच्या छिद्रात बसलं. फोन सगळीकडून चिकटवलेला. दुरुस्तीवाल्याने तापवून उघडायला घेतला, तेव्हा पाठीची काच तडकली आणि पडदाही गेला. विकताना याच चिकटवण्याला सुबकपणा म्हणतात.

नुकसान फोनपुरतं नव्हतं. आईला ऐकू फार कमी येतं. हुडकेश्वरला राहणाऱ्या माझ्या मावशीशी, म्हणजे तिच्या धाकट्या बहिणीशी, ती रोज संध्याकाळी व्हिडिओवर बोलायची, ओठांकडे पाहून. मावशी गुडघ्यांमुळे जिना उतरत नाही आणि आईला गाडी लागते. आईजवळ राहणाऱ्या माझ्या भावाचा फोन अंधार पडेपर्यंत त्याच्यासोबत शेतात. आता बोलायची वेळ झाली की आई सवयीने चष्मा पुसायची आणि परत डबीत ठेवायची.

"दुसरा घेऊन देतो, पण पूजेत ठेवायचा नाही," मी तिच्यासमोर बसून सावकाश म्हणालो.

"काहून गा? विळ्याले कुंकू अन् त्याले नाही?"

आईला बदलण्यापेक्षा फोन बदलणं सोपं होतं.

शहरात बर्डीवरच्या बाजारात एका चकचकीत दुकानात नवा फोन घेणाऱ्याला हार घालून त्याचा फोटो काढणं चाललं होतं. गृहस्थ नवरदेवासारखा अवघडला होता. विक्रेता माझ्याकडे वळला. "काका, हा घ्या. पाण्यात पडला तरी चालते."

"आणि कुंकवात?"

आत विचारून येतो म्हणाला. मी तेवढ्यात निघालो.

मागच्या गल्लीत जुन्या फोनचं दुकान होतं. तिथे मी प्रत्येक फोन पालथा करून कडेला नख लावून पाहू लागलो.

"अजी साहेब, फोन समोरून पाहतात," दुकानदार म्हणाला.

"मला याची पाठ पाहायची आहे."

शेवटी एक सापडला. जाड, कोपऱ्यात घासलेला. नख लावलं की पाठ निघत होती, बॅटरी हातात येत होती, चार्जिंगचा भाग स्क्रूने बसवलेला होता आणि सुटे भाग दुकानदाराच्याच खणात होते.

"जुनं मॉडेल आहे. कोणाले दाखवान?"

"आईला," मी म्हणालो.

नवे अपडेट बंद करून कंपनीने त्या फोनकडे केव्हाच पाठ फिरवली होती. रविवारी शहरातल्या माझ्या प्रताप नगरच्या घरी बसून मी त्यात हौशी लोकांनी बनवलेली, फोन चालवणारी साधी प्रणाली टाकली आणि बाकी पसारा काढला. पडद्यावर एकट्या मावशीचा फोटो ठेवला. बोट लावलं की तिलाच फोन.

"बिघडवाल," बायको म्हणाली.

"बिघडला तर उघडता येतो." एवढी खात्री मला माणसांबद्दल देता येत नाही.

खाप्याला पहिल्याच संध्याकाळी मावशी पडद्यावर आली आणि म्हणाली, "जाड झाली वं तू."

"फोनच जाडा आहे," आई म्हणाली, आणि चष्मा बराच वेळ डोळ्यांवरच राहिला.

यंदाच्या नवमीला मी तयारीनेच गेलो. फोनची पाठ काढली आणि पाटावर ठेवायला आईला दिली. मावशी व्हिडिओवर होतीच. बाकीचा फोन मी हातात धरून पाटापासून जरा लांब उभा राहिलो.

आईने ती पाठ उलटसुलट करून पाहिली. "हे तर टरफल होय."

तरी तिने त्याला हळद-कुंकू वाहिलं. मावशी पडद्यातून सगळं पाहत होती. "अवं, अन् मले नाही का?"

आईने ते तिच्या ओठांवरून बरोबर टिपलं. बोट कुंकवात बुडवून ती पुढे आली आणि मी हात मागे घेण्याआधी काचेवर मावशीच्या कपाळाला टेकवलं. तिकडे मावशीने डोळे मिटले.

पुसायला काढलेलं फडकं मी परत खिशात ठेवलं. चार्जिंगचं छिद्र खालच्या कडेला असतं; कपाळ तिथून बरंच वर आहे.