मामूंचा टांझानिया

चहाचा ग्लास बोटभर पुढे सरकवून मामू म्हणायचे, "आमच्या टांझानियात असं नाही." त्यानंतर कॅन्टीनमधल्या त्या टेबलावर पाच मिनिटं दुसऱ्या कुणाला तोंड उघडायला मिळत नसे.

शारजाच्या हमरिया फ्री झोनमध्ये आमची कंपनी जुन्या गाड्यांचे सुटे भाग विकते. ते गोदाम सांभाळायचे, मी कागदपत्रं. रत्नागिरीजवळच्या एका खाडीकाठचे. अंगाने इतके बारीक की त्यांनी सेफ्टी जॅकेट घातलंय की जॅकेटने त्यांना, असा प्रश्न पडावा. आवाज मात्र जहाजाच्या भोंग्यासारखा. पठाण ड्रायव्हरपासून केरळी मॅनेजरपर्यंत सगळे त्यांना मामू म्हणत.

"तिकडे सिग्नलला हत्ती थांबतात," मामू सांगत.

"लाल असेल तर ना?" कुणीतरी विचारी.

"हिरवा असला तरी थांबतो. हत्ती आहे तो. त्याला कुठे हजेरीचं कार्ड पंच करायचंय?"

स्वाहिली भाषेवर तर त्यांचा मालकी हक्कच होता. "अरे सावंत," ते मला म्हणत, "आपलीच भाषा ती. गाडीला गारी, दुकानाला दुका, विम्याला बिमा. चपातीला तर चपातीच. समुद्र ओलांडताना थोडी भिजली, एवढंच."

ही भाषा ते फोनवर शिकले होते. टांझानियात टांगा नावाचं बंदर आहे. तिथल्या एक बाई आमच्याकडून माल घेत. तिकडे वयाने मोठ्या बाईला 'मामा' म्हणतात. त्यामुळे आमच्या ऑफिसात आठवड्यातून दोनदा मामू मामांवर ओरडत असत. बारा वर्षं हे चाललं होतं. बंपर वाकडा निघो, काच फुटो, मामूंचं एक वाक्य ठरलेलं: "कोसा सी लांगू." म्हणजे, चूक माझी नाही. मामा तिकडून काय म्हणत ते आम्हाला कळत नसे, पण रिसीव्हर कानापासून वीतभर लांब धरलेला दिसे.

आणि मग ते दरवाजांचं प्रकरण झालं. पिकअपच्या दरवाजांचे दोन कंटेनर एकाच दिवशी भरायचे होते. एक टांग्याच्या मामांना, दुसरा दारेसलामच्या एका व्यापाऱ्याला. मामूंनी टांग्याला सगळे डावे दरवाजे पाठवले आणि दारेसलामला सगळे उजवे.

मॅनेजर मामूंना आणि मला शांतपणे म्हणाले, "दोघं जाऊन मिटवून या. नाही मिटलं तर, मामू, तुम्ही तिकडूनच घरी जा. खलास."

मामूंची धाकटी मुलगी नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला होती. त्या दिवशी कॅन्टीनमध्ये चहाही त्यांनी मुकाट्याने प्यायला.

विमानात मी म्हटलं, "बरं झालं तुम्ही बरोबर आहात. तुम्हाला सगळं माहीत आहे."

मामूंनी सीटबेल्ट घट्ट केला. "सावंत, कुणाला बोलू नको. मी कधी आलो नाही इकडे."

"मग ते हत्ती?"

"हत्ती असणारच की. आफ्रिका आहे."

दारेसलामहून टांग्याची बस पकडली. मामू खिडकीला नाक लावून बसले. बाहेर लाल माती, नारळ, काजू, फणस, पत्र्याच्या टपरीवर टांगलेली केळी. दोन तास गेले तसा त्यांचा चेहरा उतरत गेला. शेवटी हताश होऊन म्हणाले, "एवढं पासपोर्ट, इंजेक्शन, विमान केलं आणि आपण रत्नागिरीलाच आलो रे."

स्टँडवर मामा स्वतः आल्या होत्या. उंच, धिप्पाड, डोक्याला पिवळं फडकं. त्या सरळ माझ्याकडे आल्या. माझा हात दोन्ही हातांत घेऊन जोरजोरात स्वाहिलीत बोलू लागल्या. मी मामूंकडे बोट दाखवलं. मामांनी त्यांना वरपासून खालपर्यंत पाहिलं. मग मोडक्या इंग्रजीत मला विचारलं, "हा? एवढा मोठा आवाज ह्याच्यातून यायचा?"

घरी नेऊन त्यांनी आम्हाला नारळाच्या रसातली मासळी वाढली. इथे मामूंची आणखी एक गोची झाली. त्यांची सगळी स्वाहिली सुट्या भागांची. मागचा डावा दिवा, पुढची काच, गळका रेडिएटर, एवढं फाडफाड यायचं. पण "जेवण छान झालंय" कसं म्हणायचं ते येत नव्हतं. बराच विचार करून त्यांनी ताटाकडे बोट दाखवत काहीतरी सांगितलं आणि घरातली माणसं हसून लोळायला लागली. मामांनी मला अर्थ सांगितला: "म्हणतोय, माल नवा आहे, कुठे गंज नाही."

जेवणानंतर आम्ही त्यांच्या आवारात गेलो. भिंतीला टेकवून डावे दरवाजे ओळीने उभे होते. निळे, पांढरे, लाल. मामू त्या टोकापासून या टोकापर्यंत चालत आले. मामा कमरेवर हात ठेवून वाट बघत होत्या. मला वाटलं, आता ते वाक्य येणार.

मामू म्हणाले, "कोसा लांगू."

मधला 'सी' त्यांनी काढून टाकला होता. चूक माझी.

मामांनी कमरेवरचे हात काढले. मग दोन प्लास्टिकच्या खुर्च्या मागवल्या, एकीवर मामूंना बसवलं, दुसरीवर स्वतः बसल्या आणि दारेसलामच्या त्या व्यापाऱ्याला फोन लावला. तोही उजव्या दरवाजांकडे बघत आमच्या नावाने खडे फोडत होता. अर्धे तुझे मला, अर्धे माझे तुला, असं तासाभरात ठरलं. ट्रक मामांनीच दिला. "तुम्ही थांबा, माणसं करतील," असं त्या सांगत असतानाही मामू ड्रायव्हरशेजारी चढून बसले. दारेसलामला जाऊन, एकेक जोडी स्वतः जुळवून, दोन दिवसांनी परत आले. अंगभर लाल धूळ. मला म्हणाले, "सावंत, एक जोडी रंगाने जुळत नाही. निळा आणि हिरवट. मामांना सांगितलं, त्यांना चालेल."

हमरियात परतल्यावर कॅन्टीनमध्ये सगळे त्यांच्याभोवती जमले. मामूंनी खरंखरं सांगितलं. नारळ आहेत. लाल माती आहे. बायका कडक आहेत पण मनाने चांगल्या. हत्ती दिसला नाही. ऐकणारे हळूहळू आपापल्या टेबलावर गेले. पठाण ड्रायव्हर मला हळूच म्हणाला, "पहलेवाला टांझानिया अच्छा था."

नोकरी राहिली. मुलगी नर्स झाली. पुढे मामूंची साठी आली, व्हिसा वाढला नाही, आणि एका दुपारी मीच त्यांना शारजा एअरपोर्टवर सोडायला गेलो. ट्रॉली घेऊन दाराशी पोहोचतोय तोच त्यांचा फोन वाजला. मामा होत्या. मामू तिथेच उभे राहून ओरडायला लागले. मागे रांग लागली, कुणीतरी अरबीत "यल्ला, यल्ला" म्हणत घाई केली. मामूंनी तिकीट दातांत धरलं, फोन खांद्याने कानाशी दाबला आणि एका हाताने ट्रॉली ढकलत आत गेले. ट्रॉली एकीकडे, ते दुसरीकडे. माझ्याकडे वळून बघायचं राहूनच गेलं. काचेचं दार बंद झालं, तरी आवाज थोडा वेळ बाहेर येत होता.