ओठ वाचणाऱ्याने ऐकलेलं गाणं

नव्या साडीची घडी उघडली आणि टिकल्यांच्या गोंदाचा उग्र वास आला की मला गावापासून दूर, पर्वत पाटियाच्या कापड कामगारांच्या वस्तीतली आमची खोली आठवते. रविवारची दुपार होती, आई आणि मी मांडीवर साड्या घेऊन टिकल्या चिकटवत होतो आणि टीव्हीवर एका कोवळ्या गायिकेचा पहिलाच स्वतंत्र कार्यक्रम लागला होता. पोरगी आमच्या खानदेशातली, म्हणून शेजारच्या बायकाही दारात येऊन बसल्या होत्या. वडिलांचे कान लूमच्या, म्हणजे कापडाच्या मागाच्या, खडखडाटात केव्हाच गेलेले. कारखान्यात सगळे एकमेकांचे ओठ आणि गळा बघूनच बोलणं ओळखतात, तसे ते तिच्याकडे टक लावून बघत होते. दोन गाणी झाली, बायका माना डोलवत होत्या, आणि वडील एकदम म्हणाले, "हाई पोर गाई नही ऱ्हायनी, नुसता व्हट हालाई ऱ्हायनी." मला एवढी लाज वाटली की मी फटकन बोलले, "आप्पा, तुम्हाला ऐकू तरी येतं का?" त्यांनी टीव्हीवरची नजर हलवली नाही. शेवटच्या गाण्याला वाद्यं थांबली, ती डोळे मिटून एकटीच गायला लागली, मध्येच तिचा श्वास कमी पडला, मानेची शीर ताठ झाली. "आते गाई ऱ्हायनी," वडील हळूच म्हणाले, आणि आईच्या बोटावरची टिकली तशीच राहिली. तो कार्यक्रम लोक आजही मोबाईलवर एकमेकांना पाठवतात, आणि पाठवतात ते नेमकं शेवटचंच गाणं. मला ते आलं की मी आधी आवाज बंद करते आणि तिच्या गळ्याकडे बघते.