श्रावणात धुतलेल्या गोधड्या

श्रावणात आमच्या गावात कुणी गोधड्या धूत नाही. धुतल्या तर चार-चार दिवस वाळत नाहीत आणि त्यांना कुबट वास येतो. गोधड्या निघतात नवरात्राच्या आधी, ऊन पडलं की. हे मला माहीत असावं याचं माझं मलाच नवल वाटतं, कारण पहिलीपासून मी जालन्याला मामाकडे राहून इंग्लिश मीडियममध्ये शिकले. गावात यायचे ती सुट्टीपुरती. पण मला चारचौघांत बोलायला जमत नाही, त्यामुळे बघायला वेळ पुष्कळ मिळतो.

आमचं गाव केदारखेड्याच्या पुढे आहे. मम्मी गावाची आशाताई. गरोदर बायांचं वजन, बाळांच्या लसी, कुणाला ताप आला, कुणाची गोळी चुकली, सगळं तिच्या रजिस्टरमध्ये आणि त्याहून जास्त तिच्या डोक्यात. मी तिला मम्मी म्हणते यावर आमच्या गल्लीत अजून हसतात.

त्या वर्षी श्रावणातल्या सप्ताहाच्या शेवटी मी कॉलेजमधून चार दिवस आले होते. सात दिवस कीर्तन, आठव्या दिवशी काला आणि गावजेवण: वरण-बट्टी, वांग्याची भाजी, बुंदी. आजूबाजूच्या वस्त्यांवरूनही माणसं आली होती. मंदिरासमोर पाण्याचे निळे ड्रम भरून ठेवले होते. मी दोन घास खाऊन घरी पळाले, कारण पंगतीत माझ्याशी कुणीतरी इंग्रजीत बोलायला लागेल अशी मला भीती वाटत होती.

तिसऱ्या दिवशी सकाळी मम्मीला आरोग्य केंद्रातून फोन आला. आमच्या शिवारातले दोघे जण उलट्या-जुलाबाने भोकरदनच्या दवाखान्यात दाखल झाले होते. आजच्या आज घरोघर फिरून आणखी कोण आजारी आहे ते शोधा, असा निरोप होता.

मम्मीने पिशवीत ओआरएसची पाकिटं भरली आणि रजिस्टर माझ्या हातात दिलं. "तू लिही. मी बोलते."

वाटेत ती एवढंच म्हणाली, "यात माणूस आजारानं न्हाई मरत, अंगातलं पाणी संपून मरतो. वेळेवर सापडलं की वाचतो."

पण कुणी सापडेना. पहिल्या आळीतल्या सगळ्या घरांत एकच उत्तर.

"न्हाई आशाताई, आमच्याकडं सगळे बराबर हायेत."

"काल्याच्या दिवसापासून कुणाचं पोट बिघडलं?"

"प्रसाद खाऊन कुणाचं पोट बिघडतं का? काहीतरीच विचारून राह्यल्या तुमी."

एका मावशीने माझ्या वहीत डोकावून पाहिलं. "ही तुमची इंग्लिशवाली ना? मराठी येतं का हिला लिहायला?"

"येतं," मी म्हणाले.

"मंग लिही, सगळे ठीक."

मी लिहिलं. पाच-सहा घरांत हेच झाल्यावर मला कळलं की हे लोक खोटं बोलत नव्हते, प्रसादाचा मान राखत होते. आजारी आहोत म्हणणं म्हणजे प्रसादाला नाव ठेवणं, आणि ते पाप आपल्या घरावर कोण घेणार? मम्मीलाही हे कळत होतं. ती आवाज चढवत नव्हती, पण पिशवीचा बंद सारखा या खांद्यावरून त्या खांद्यावर घेत होती. पाकिटं होती तेवढीच होती, घरटी वाटता आली नसती.

मी खाली मान घालून चालते, तरी भिंतीपलीकडचं मला दिसतं. ज्या मावशीने मला 'सगळे ठीक' लिहायला लावलं, तिच्या परसात दोरीवर ओली गोधडी लटकत होती. पुढच्या घरी भिंतीवर दोन. आभाळ तर असं, की रुमालसुद्धा वाळला नसता.

"मम्मी," मी हळूच म्हणाले, "गोधड्या बघ."

ती थांबली. परत मागे वळून तिने सबंध आळीवर नजर फिरवली. मग माझ्याकडे पाहिलं आणि सरळ त्या मावशीकडे परत गेली. या वेळी तिने पोटाचं नाव काढलं नाही.

"मावशी, गोधडी कुणाची धुतली?"

मावशीचा चेहरा उतरला. हळू आवाजात म्हणाली, "सासूची. रात्रीपासून लईच पातळ होतंय. तुमी कुणाला सांगू नका."

"मी फक्त पाणी पाजायला आले," मम्मी म्हणाली आणि आत गेली.

आम्ही पुन्हा पहिल्या घरापासून सुरुवात केली. मी पुढे जाऊन परसं बघायची, मम्मी मागून येऊन एकच प्रश्न विचारायची. प्रसादाचा शब्द न काढता उत्तर देता येईल असा तो प्रश्न होता, म्हणून लोक उत्तर देत होते. सासऱ्याची. धाकटीची. माझीच. प्रत्येक घरात मम्मी एक लिटर पाण्यात पाकीट कालवून दाखवायची, थोडं-थोडं घोटाघोटाने पाजायला सांगायची, आणि ज्याचं लक्षण बरं दिसत नाही त्याला दवाखान्यात पाठवायची.

दुपारी आम्ही सप्ताह कमिटीच्या अध्यक्षांच्या दारात पोचलो. त्यांना सगळं गाव अण्णा म्हणतं. त्यांची लेक पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली होती, सातवा महिना. तिचं नाव मम्मीच्या रजिस्टरमध्ये लाल पेनाने लिहिलेलं होतं, कारण तिचं रक्त कमी होतं.

अण्णा ओसरीवर बसले होते. "या आशाताई. आमच्याकडं सगळं ठीक हाय."

"वजन करायचंय तिचं."

"झोपलीय. उद्या या."

"उठवते मी."

"उद्या या म्हणलं ना."

ते उठून दारात उभे राहिले. मम्मी त्यांना ओलांडून जाऊ शकत नव्हती. माझं लक्ष बाजूच्या बोळात गेलं. तिथे तीन गोधड्या होत्या, आणि त्यांच्या शेजारी एकाच बाईच्या चार मॅक्सी. एका दिवसात चार.

मी गावातल्या कुठल्याच मोठ्या माणसाशी आपण होऊन बोलले नव्हते.

"अण्णा," मी म्हणाले, "या दिवसांत त्या गोधड्या वाळणार कशा?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग बोळाकडे. आतून त्यांच्या बायकोचा आवाज आला, "बास करा तुमचं आता. आशाताई, आत या जल्दी."

लेक खाटेवर पडली होती. डोळे खोल गेलेले, ओठ पांढरे. मम्मीने तिच्या पोटावरची कातडी चिमटीत धरून सोडली, तर कातडी पटकन सपाट झाली नाही, एवढं अंगातलं पाणी गेलं होतं. मला ॲम्ब्युलन्सला फोन करायला सांगून मम्मी चमच्याने पाणी पाजायला लागली. एक चमचा, थांबायचं, एक चमचा. उलटी झाली तर थोडं थांबून पुन्हा. मी फोनवर पत्ता सांगितला, तोही दोनदा, मोठ्याने. गाडी येईपर्यंत लेकीने मम्मीचा हात पोटावर ठेवून घेतला आणि म्हणाली, "हलतंय."

अण्णा भिंतीला टेकून उभे होते. "आचारी म्हणला पाण्याला औषधाचा वास येतोय, प्रसादाला लागंल. मीच गावच्या टाकीवाल्याला सांगितलं, दोन दिवस पाण्यात ब्लिचिंग पावडर टाकू नको. लोकायला चांगलं जेवण मिळावं म्हणून."

मला वाटलं मम्मी आता त्यांना बोलेल. ती चमचा भरत म्हणाली, "म्हंजे प्रसाद चांगलाच होता. पाणी खराब होतं. हे तुमीच सांगा माईकवर. माझं कोण ऐकतंय?"

लेकीची गाडी भोकरदनला गेली आणि अण्णा मंदिरात गेले. ज्या भोंग्यावर आठवडाभर कीर्तन ऐकलं, त्यावर त्यांचा आवाज आला. प्रसादाचा दोष न्हाई, टाकीतल्या औषधाला मी न्हाई म्हणलो होतो, चूक माझी हाय, माझी लेकबी दवाखान्यात हाय. पाणी उकळून प्या. आजारी माणूस लपवू नका. ते दोनदा अडखळले, पण पूर्ण बोलले.

अर्ध्या तासात आमच्या अंगणात बाया जमल्या. ज्यांच्या दारात मी 'सगळे ठीक' लिहिलं होतं, त्याही. मी त्या ओळी खोडून पुन्हा लिहिल्या.

संध्याकाळी आरोग्य केंद्राचे डॉक्टर आले. एवढे रुग्ण एका दिवसात कसे शोधले, त्यांनी विचारलं. मम्मी म्हणाली, "माझ्या मुलीला दिसले." चारचौघांत ती माझ्याबद्दल असं पहिल्यांदाच बोलली. मी रजिस्टर बंद करून आत गेले, पण दाराआडून सगळं ऐकलं.

गावातलं कुणी गेलं नाही. मावशीच्या सासूला चार दिवस सलाईन लागली, पण ती परत आली. अण्णांच्या लेकीला दिवाळीत मुलगी झाली.

पुढच्या श्रावणात मी काल्याच्या दिवशी मुद्दाम सकाळीच आले. चूल पेटायच्या आधी अण्णांनी आचाऱ्यांना ड्रमजवळ उभं केलं आणि मम्मीला बोलावलं. तिने काचेच्या छोट्या नळीत ड्रमचं पाणी घेतलं, तपासणीचे थेंब टाकले. पाणी पिवळं झालं. पाण्यात पावडर पुरेशी असली की ते असं पिवळं होतं. अण्णांनी नळी उंच धरून सगळ्यांना दाखवली आणि म्हणाले, "आशाताईनं बघितलं, पेटवा आता."

पंगतीत पाण्याला औषधाचा वास येत होता. मी मम्मीशेजारी बसून दोन ग्लास प्याले.