राखेशेजारची जमीन

कामठ्याजवळ आमची राइस मिल आहे. तिच्या ऑफिसात बसून मी प्रबंधातला शेवटचा शोधनिबंध पूर्ण करत होते. विषय होता शेजारच्या एका दीर्घिकेतला क्ष-किरणांचा स्रोत. बहुधा जोडीदार ताऱ्याला गिळणारे कृष्णविवर. लाखो सूर्यांइतके तेजस्वी भासणारे. हे तेज खरोखर सर्व दिशांना फेकले जाते, की एक अरुंद झोत योगायोगाने आपल्याकडे वळला आहे, एवढाच प्रश्न होता. सर्व दिशांना जात असेल, तर भोवतालचा वायू उजळून त्याची तेजोमेघिका व्हायला हवी. हेलियमची एक निळी रेषा तशी साक्ष देते. माझ्या प्रतिमेत ती नव्हती. म्हणून मी ‘झोत’ असा निष्कर्ष लिहिला. निबंध सोमवारी जायचा होता आणि परदेशातली माझी नियुक्ती त्यावरच अवलंबून होती.

शनिवारी दुपारी गोदामाकडे निघाले. वाट ट्रकने अडवलेली. मधे बॉयलरमध्ये जळालेल्या तुसाच्या राखेचा ढीग होता, आठवडाभर कुणी न हलवलेला, वरून राखाडी आणि घट्ट. मी पद्धतशीर विचार केला. एक तळवा ढिगाच्या कडेला टेकवला, दुसरा हातभर अंतरावरच्या जमिनीला. ऊब सारखीच. फरक शून्य, म्हणजे ढीग थंड. ढिगावरून पलीकडे जायला मी पाय उचलला.

“थांब पोरी,” मिलमधली मावशी म्हणाली. राख ओढण्याचे काम ती माझ्या जन्माआधीपासून करते. तिच्या उजव्या पावलाची कातडी घोट्यापर्यंत पांढरी, ताणलेली आहे. मी तिला माझी तुलना समजावून सांगितली. तिने ती शांतपणे ऐकून घेतली.

“ते भुई त्याच राखेनं तापून रायली. दूरच्या मातीले हात लावून पाय, मंग सांग.”

मग तिने ओच्यातले मूठभर धान ढिगाच्या माथ्यावर फेकले. पाय ठेवण्याआधी इथल्या बाया नेहमीच असे करतात. काही क्षण काहीच झाले नाही. मग एक दाणा तडकला, त्यामागून दुसरा, आणि राखाडी कवचावर पांढऱ्या लाह्या उमलू लागल्या. एका भेगेतून आतला लाल रंग दिसला आणि मिटला.

“अभायातलं पायतेस, अन् पायाखालचं काऊन नाही दिसत तुले?” ती म्हणाली आणि घमेले उचलून गेली.

मी तिथेच उभी राहिले. आकाशाचा स्वतःचा उजेड वजा करण्यासाठी प्रतिमेतला एक रिकामा तुकडा निवडावा लागतो. मी निवडलेला तुकडा स्रोताला लागूनच होता; तिथे मेघिका असेल, तर मी तिलाच वजा केले होते.

ऑफिसात परतून मी तो तुकडा प्रतिमेच्या कोपऱ्यात नेला आणि वजाबाकी पुन्हा केली. स्रोताभोवती निळी प्रभा उमटली. मार्गदर्शकांना फोन करून सांगितले, की निष्कर्ष चुकला आहे, चूक माझी आहे, निबंध सोमवारी जाणार नाही. त्यांनी आधी नियुक्तीची आठवण करून दिली. मग विचारले, मेघिका नेमकी केवढी आहे?

उत्तर देण्यासाठी मी शेजारच्या प्रतिमा एकेक करून जोडत गेले. कोपऱ्यातला माझा नवा तुकडाही रिकामा नव्हता; तोही मेघिकेतच होता. चौथी प्रतिमा जोडली, तरी निळ्याचा काठ येत नव्हता. बाहेर अधूनमधून एखादा दाणा अजून तडकत होता.